बोर्ड डबीत बसवताना: आयडीएफ, स्टेप की आयडीएक्स?

सर्किट बोर्डाचा लेआउट (घटकांची मांडणी) करणारा आणि त्या बोर्डाच्या डबीचा आराखडा काढणारा यांच्यात कोणत्या प्रकारची फाइल ये-जा करावी, हा प्रश्न दोघे शेजारी बसत असतील तर फारसा पडत नाही. आमचे दोन विभाग मात्र दोन इमारतींत आहेत, त्यामुळे बोर्डाची देवाणघेवाण मी आयडीएफ, स्टेप आणि आयडीएक्स या तिन्ही प्रकारच्या फाइलींनी करून पाहिली आहे. पुढे जे लिहितो आहे त्याला मोजमापाचा आधार नाही, केवळ वापराचा आहे.

आयडीएफ जुने आहे. त्याची सर्वाधिक चालणारी आवृत्ती 3.0 ही 1996 ची. एका फाइलमध्ये बोर्ड व घटकांच्या जागा आणि दुसऱ्या फाइलमध्ये प्रत्येक घटकाची बाह्यरेषा व उंची एवढाच त्याचा संसार, त्यामुळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असो की आडवा यूएसबी सॉकेट, पलीकडे पोचतो तो सरळ उभा ठोकळा. डबीच्या भिंतीत सॉकेटसाठी खिडकी कापायची असेल, तर या ठोकळ्यावर विसंबता येत नाही. तरीही मला आयडीएफविषयी थोडी माया आहे, कारण ती साधी मजकुराची फाइल असते आणि नोटपॅडमध्ये उघडून जे3 हा कनेक्टर कुठे आहे ते वाचता येते. एखाद्या घटकाची जागा बदलण्याचा हक्क लेआउट विभागाकडे की डबी काढणाऱ्या मेकॅनिकल विभागाकडे, हेही तिच्यात नोंदवता येते. प्रत्यक्षात तसे नोंदवणारे मला फारसे भेटले नाहीत.

स्टेपमध्ये आकार खरा येतो. कनेक्टरचे तोंड, हीटसिंकचे पंख, सगळे जसेच्या तसे दिसते, आणि लेआउटच्या किकॅडपासून मेकॅनिकलच्या सॉलिडवर्क्सपर्यंत सर्व सॉफ्टवेअरांना ती हाताळता येते. मेकॅनिकल विभागाला हीच फाइल हवी असते आणि त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही.

माझी अडचण परतीच्या वाटेवर झाली. एका प्रकल्पात डबीच्या आतल्या रिबला (आधाराच्या उभ्या पट्टीला) अडू नये म्हणून सहकाऱ्याने बसवणुकीचे एक छिद्र 0.6 मिलिमीटर सरकवले आणि सुधारित स्टेप माझ्याकडे पाठवली. मॉडेल उघडून मी ते चहूबाजूंनी फिरवून पाहिले. ते आधीसारखेच दिसले, कारण इतका फरक डोळ्यांना कळत नाही आणि काय बदलले हे सांगणारी नोंद त्या फाइलमध्ये नव्हती. बोर्ड तयार होऊन आले, चौथा स्क्रू काही केल्या बसेना, आणि नमुन्यासाठी मागवलेल्या प्रत्येक बोर्डाचे ते छिद्र मी गोल कानशीने वाढवत बसलो. चूक दोघांची होती, हे मान्य. पण फाइल बोलली असती तर ती घडली नसती.

आयडीएक्स बोलते. जर्मनीतील प्रोस्टेप आयविप या संघटनेच्या शिफारशीवर आधारलेल्या या एक्सएमएल फाइलने आधी दोन्ही बाजूंचा मूळ आराखडा एक करून घ्यायचा आणि त्यानंतर फक्त बदल पाठवायचे: अमुक छिद्र इथून इथे, सोबत एखादे टिपण. समोरचा तो बदल स्वीकारतो किंवा नाकारतो आणि त्याचे उत्तरही फाइलनेच परत येते. तो 0.6 मिलिमीटरचा बदल असा आला असता, तर माझ्या होकाराशिवाय पुढे सरकला नसता.

तिला शिस्त मात्र लागते. मध्येच कोणी फाइलबाहेर, फोनवर सांगून, एखादा घटक हलवला की दोन्ही बाजूंचा हिशेब जुळेनासा होतो आणि मूळ आराखडा नव्याने पाठवावा लागतो. आमच्याकडे हे दोनदा झाले. शिवाय दोन्हीकडच्या सॉफ्टवेअरांना आयडीएक्स नीट समजते की नाही, हे एखाद्या रिकाम्या बोर्डावर आधी तपासावे. सॉलिडवर्क्सला त्याच्या सर्किटवर्क्स या जोड-सॉफ्टवेअरमार्फत आयडीएफ आणि आयडीएक्स दोन्ही वाचता येतात, त्यामुळे आमचे भागले.

बोर्ड एकदाच जाणार असेल आणि परत काही यायचे नसेल, तर स्टेप पुरेशी आहे असे मला वाटते. फेऱ्या तीनहून अधिक होणार असतील, तर मी आता आकारासाठी सुरुवातीला एकदा स्टेप पाठवतो आणि त्यानंतरचा प्रत्येक बदल आयडीएक्सनेच मागतो. फोनवर सांगितलेला बदलसुद्धा फाइल आल्याशिवाय लेआउटमध्ये घेत नाही, आणि त्याबद्दल मेकॅनिकल विभागाची थोडी नाराजी अजून आहे.