पाइप लाल, स्टिकर ओळीत, भोकंच नाहीत

सर्व्हर रूममध्ये, अभिलेखागारात किंवा संग्रहालयात हवा ओढून धूर हुंगणारी एस्पिरेटिंग यंत्रणा बसवायचं काम तुमच्याकडे चालू असेल, तर शेवटचं बिल मंजूर करण्याआधी हे वाचा. आम्हाला पुरतं फसवलं गेलं.

यंत्र अस्सल होतं. लबाडी पाइपात होती.

ती कळायला यंत्रणा कशी चालते ते माहीत हवं. छतालगत २५ मिमीचा पाइप फिरवतात आणि त्याला ठरावीक अंतरावर काही मिलिमीटरची भोकं पाडतात. डिटेक्टरमधला पंखा त्या भोकांतून अखंड हवा ओढतो. आत प्रकाशाच्या झोतात धुराचे कण आले की प्रकाश विखुरतो आणि तो मोजला जातो. वायरचं आवरण नुसतं करपायला लागलं तरी इशारा मिळावा, एवढ्यासाठी हा सगळा खर्च. पण जवळच्या भोकातून हवा सहज येते, लांबच्यातून कमी. म्हणून पाइपची लांबी, वळणं आणि भोकांचे व्यास यांचं गणित मांडावं लागतं. डिझाइन म्हणजे हे गणितच, बाकी सुताराचं काम.

एका रॅकमधला पॉवर सप्लाय जळाला. खोलीतल्या मुलांना वास आला, पॅनेल गप्प. ठेकेदाराचा माणूस आला, त्याने डिटेक्टरजवळच्या पहिल्या भोकावर कॅनमधला धूर मारला, अलार्म वाजला. "साहेब, सिस्टीम ओके आहे." हँडओव्हरच्या दिवशीही त्यांनी एवढंच दाखवलं होतं.

मी शिडी लावून खोलीच्या पार टोकाची सीलिंग टाइल उचलली. लाल पाइपवर सॅम्पलिंग पॉइंटचे, म्हणजे भोकाची जागा दाखवणारे, स्टिकर अगदी ओळीत. एक नखाने सोलला. खाली गुळगुळीत पाइप. पुढचा सोलला, तेच. जवळच्या निम्म्या पाइपला भोकं होती, पुढच्या निम्म्याला फक्त स्टिकर, आणि टोकाची कॅपही बंद.

डिटेक्टर हवेच्या प्रवाहावर लक्ष ठेवतो, मग फॉल्ट का आला नाही? इथेच त्यांची हुशारी आहे. यंत्र सुरू करताना त्या वेळचा प्रवाह 'नॉर्मल' म्हणून त्याच्यात साठवतात आणि पुढे त्यापेक्षा फार कमी-जास्त झालं तरच ते ओरडतं. अर्धा पाइप बंद असतानाच 'नॉर्मल' साठवला, की यंत्राच्या लेखी सगळं ठीक.

हे केलं कशासाठी, तर त्या खोलीला दोन डिटेक्टर लागत होते आणि त्यांनी एकातच भागवलं होतं. सगळी भोकं पाडली असती तर शेवटच्या भोकापर्यंत ओढ पोचलीच नसती आणि बिंग फुटलं असतं.

कागदांवरचा खोटेपणा तर त्याहून धीट. माहितीपत्रकात मीटरला ०.००५ टक्के संवेदनशीलता लिहिलेली, म्हणजे एका मीटरमध्ये एवढाच प्रकाश अडवणारा धूरही कळतो, तीच आम्हाला तोंडावर फेकली. पण ती चेंबरची, म्हणजे डिटेक्टरच्या आत धूर मोजतात त्या कप्प्याची. पाइपला २० भोकं असतील आणि धूर एकाच भोकातून शिरला, तर उरलेल्या १९ भोकांची स्वच्छ हवा त्यात मिसळते. चेंबरचा अलार्म ०.०५ टक्क्यावर लावला तरी त्या एका भोकाशी साधारण १ टक्का धूर व्हावा लागतो. ईएन ५४-२० या युरोपीय मानकातले संवेदनशीलतेचे ए, बी, सी वर्ग यंत्राच्या खोक्यावरून ठरत नाहीत. किती भोकं, केवढा पाइप आणि काय सेटिंग, यावर ठरतात. आम्ही निविदेत एनएफपीए ७६ या अमेरिकी मानकाप्रमाणे अतिशय लवकर इशारा मागितला होता. त्यात एका भोकाच्या वाट्याला जास्तीत जास्त १८.६ चौरस मीटर क्षेत्र आणि धूर यंत्रापर्यंत पोचायला ६० सेकंदांची मर्यादा आहे. त्यांच्या रिपोर्टात सगळ्या पाइपांना ५५ सेकंद लिहिलेले. आखूड पाइपला ५५, लांबलचक पाइपलाही ५५! असे आकडे मोजून येत नाहीत, बसून लिहिले जातात. सोबतच्या गणिताच्या कागदावर वळणं आमच्या खोलीतल्यापेक्षा निम्मी होती. बहुधा दुसऱ्याच इमारतीचा कागद.

जाब विचारला तर म्हणाले, "उद्या माणूस पाठवतो, भोकं पाडून देतो." अंदाजाने ड्रिल मारणार! आम्ही हात लावू दिला नाही. आधी फोटो काढले, डिटेक्टरमधली नोंद उतरवून घेतली, मग दुसऱ्या डिझाइनरकडून गणित नव्याने करून घेतलं.

तुमच्याकडे तपासणी असेल तेव्हा धूर प्रत्येक पाइपच्या शेवटच्या भोकावर सोडायला लावा, स्टॉपवॉच तुमच्या हातात ठेवा आणि आलेला वेळ गणितातल्या वेळेशी ताडून बघा. एसी चालू असतानाच बघा, कारण खोलीत धूर कुठे जाईल ते वाराच ठरवतो. डिटेक्टर खोलीबाहेर असेल तर त्यातून बाहेर पडणारी हवा त्याच खोलीत परत सोडली आहे का, हेही पाहा. दोन जागांच्या दाबात फरक असला की ओढ बिघडते. शक्य असेल तर पीव्हीसी वायर तापवून केलेली चाचणी मागा, कॅनच्या धुरापेक्षा ती खऱ्या प्रसंगाच्या जवळची. आणि बसवणाऱ्याने "वर चढायची गरज नाही" म्हटलं, तर शिडी त्याच क्षणी मागवा.