व्हाइट स्ट्राइप्सचा पहिला अल्बम: माणसं दोनच, पण आवाज अख्ख्या डेट्रॉइटचा

'सेव्हन नेशन आर्मी' सगळ्यांना माहितीये, फुटबॉलच्या मॅचला पब्लिक ती धून ओरडत असतं, आणि बहुतेक जण व्हाइट स्ट्राइप्स या डेट्रॉइटच्या रॉक बँडपर्यंत २००३ च्या त्या गाण्यावरूनच पोचतात. ते भारी आहेच, पण ज्यांनी अजून ऐकला नसेल त्यांनी आधी १९९९ च्या जूनमधे आलेला त्यांच्याच नावाचा पहिला अल्बम ऐका, अगदी मनापासून सांगतोय.

मी डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहतो, काम गाड्यांच्या धंद्यात, इथल्या कितीतरी मराठी लोकांसारखंच. त्यामुळे हा अल्बम मला आमच्या गावचा वाटतो. जॅक व्हाइट गिटार वाजवतो, गातो, मधेच पियानो, आणि मेग व्हाइट ड्रम्सवर. बस. बेस गिटार नाहीच. तेव्हा जॅक सोफे-खुर्च्यांना कापड चढवायचं काम करायचा, मेग बारमधे काम करायची, आणि आम्ही भाऊ-बहीण आहोत असं लोकांना सांगायचे, खरं तर नवरा-बायको होते, २००० मधे घटस्फोट झाला. रेकॉर्डिंग डेट्रॉइटमधेच, जिम डायमंडच्या गेटो रेकॉर्डर्स स्टुडिओमधे आणि जॅकच्या घरी, आणि रिलीज केला कॅलिफोर्नियातल्या एका छोट्याशा लेबलने.

आता मेगबद्दल बोलतो, कारण तिच्यावर फार अन्याय झालाय. तिला वाजवताच येत नाही, अगदी साधं वाजवते असं लोक वर्षानुवर्षं म्हणत आलेत. अहो ढोलपथकात टोल देणाऱ्याकडे कोणी बघत नाही, पण तो हलला की अख्खं पथक विस्कटतं, मेगचं काम तेच आहे. 'स्क्रूड्रायव्हर' हे गाणं हेडफोन लावून ऐका, जॅकची गिटार मधेच थांबते, मग कचकन परत येते, आणि बेस नसल्यामुळे त्या थांबण्यात खरोखर काहीच नसतं, नुसती मोकळी जागा, आणि पुढच्या क्षणी दोघं एकत्र असे आदळतात की पोटात जाणवतं. तिथे कोणी हुशारी दाखवणारा ड्रमर असता तर त्याने ती जागा भरून टाकली असती आणि गाणं मेलं असतं.

माझ्यासाठी अल्बमचा जीव म्हणजे तिसरं गाणं, 'द बिग थ्री किल्ड माय बेबी'. बिग थ्री म्हणजे जीएम, फोर्ड आणि क्रायस्लर, त्यांच्याच शहरात राहून हा पोरगा त्यांना खुनी म्हणतो. गाडी मुद्दाम अशी बनवायची की काही वर्षांत टाकून नवी घ्यावी लागेल, याच्यावर सगळा राग आहे, आणि प्रेस्टन टकरचाही उल्लेख येतो, ज्याने १९४८ मधे सगळ्यांच्या पुढची गाडी काढली, पण कोर्टकचेरीत अडकला आणि पन्नासेक गाड्यांवर कंपनी बंद पडली. टकर निर्दोष सुटला, पण तोवर उशीर झाला होता. शेवटी कळतं की मेलेली 'बेबी' कोणी मुलगी नाहीये, ती याची सारासार बुद्धी आहे. पार्टच्या लाइफवर मीटिंगा करून घरी येताना कारमधे हे गाणं लागलं की मी आवाज वाढवतो, दरवेळी.

अल्बम सन हाउस या मिसिसिपीकडच्या जुन्या डेल्टा ब्लूज गायकाला अर्पण केलाय आणि ते ऐकू येतं. रॉबर्ट जॉन्सनचं 'स्टॉप ब्रेकिंग डाउन' घेतलंय, बॉब डिलनचं 'वन मोअर कप ऑफ कॉफी' घेतलंय, पण कुठेही म्युझियममधे ठेवल्यासारखं वाटत नाही. 'सूझी ली'वर सोलेडाड ब्रदर्स बँडच्या जॉनी वॉकरने स्लाइड गिटार (तारांवर नळी सरकवून वाजवतात ती) वाजवलीये, ती अंगावर काटा आणते. आणि एवढ्या गोंगाटात 'शुगर नेव्हर टेस्टेड सो गुड' अकूस्टिक गिटारवर इतकं हळुवार येतं की पुढच्या अल्बम्समधला जॅक तिथेच दिसायला लागतो.

तक्रार एकच, सतरा गाणी जास्त झाली. 'लिटल पीपल', 'स्लिकर ड्रिप्स' नसती तरी चाललं असतं, उत्तरार्धात दोनतीन ठिकाणी एकसुरी होतं. आवाज कच्चा आहे, जॅकचा गळा कधी कधी फाटतो, पॉलिश केलेलं रॉक आवडत असेल तर पहिल्यांदा त्रास होईल, तरी 'सेंट जेम्स इन्फर्मरी ब्लूज'च्या पियानोपर्यंत थांबा.

स्ट्रीमिंगवर सगळा अल्बम आहे. पण इकडे कोणी येणार असाल तर डेट्रॉइटच्या कॅस कॉरिडॉर भागातल्या थर्ड मॅन रेकॉर्ड्सच्या दुकानात जा, जॅकचंच आहे, आत काचेपलीकडे रेकॉर्ड छापायचा कारखाना चालू असतो, पिवळीधमक मशीन्स, विनाइल दाबलं जाताना उभं राहून बघता येतं. मुलांना घेऊन गेलात तर ती काचेला नाक लावून बसतात. विनाइल मिळालं तर घ्या, पैसे वसूल आहेत. पाचपैकी साडेचार.