बिलात बॉल बेअरिंग, बोनेटखाली भंगार

1991 ची इम्पोर्टेड बीएमडब्ल्यू 325आय. एम50 इंजिन, सरळ रांगेत सहा सिलिंडर, 2494 सीसी, कॉम्प्रेशन 10:1. पुण्यातल्या एका गॅरेजने तिला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) लावून दिला. बिल 4,60,000 रुपये, निम्म्याहून जास्त ॲडव्हान्स. गाडी परत मिळाली ती निळा धूर ओकत. गॅरेजचं नाव बाजूला ठेवू. त्या बिलातली एकेक ओळ कशी तपासायची, ते महत्त्वाचं.

पहिली ओळ: ‘गॅरेट जीटी3076आर, बॉल बेअरिंग’. या टर्बोचं कॉम्प्रेसर व्हील, म्हणजे हवा दाबणारं चाक, तोंडाशी 57 मिलिमीटर, मागे 76.2. एअर पाइप काढून व्हर्नियर लावला तर तोंडाशी भरलं 46. नेमप्लेटच्या जागी स्टिकर. व्हील बोटाने हलवलं तर आडवं डुलत होतं. साध्या बुश बेअरिंगच्या टर्बोत एवढी आडवी ढिलाई तेलाशिवाय असतेच, तिला घाबरू नका. शाफ्ट पुढे-मागे सरकतोय असं हाताला लागलं तर मात्र टर्बो गेलेला. पण बॉल बेअरिंगवाला सहसा इतका डुलत नाही. म्हणजे पैसे एकाचे, माल दुसऱ्याचा. हा निघाला डिझेल गाडीचा, रिकंडिशन केलेला. डिझेलचा धूर सहसा 800 अंशांच्या आत असतो, पेट्रोल इंजिन पूर्ण थ्रॉटलला 950 सहज गाठतं. कात्रजच्या चढाला दोन-चार वेळा दाबली की वेस्टगेटच्या (जादा धूर बाजूने सोडणाऱ्या झडपेच्या) भोकापासून हाउसिंगला तडा जायला सुरुवात होते. इथे गेलेला होता.

आता निळा धूर. मालकाला सांगितलं गेलं की ‘सील गेलं, नवीन टर्बो घ्यावा लागेल, अजून सत्तर हजार’. ही दुसरी लूट, आणि पहिलीपेक्षा जास्त सफाईची. टर्बोतून तेल पंपाच्या दाबाने बाहेर पडत नाही, ते आपल्या वजनाने खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, उतरतं. म्हणून परतीची नळी आतून किमान 16 मिलिमीटर हवी, सतत उताराची हवी, आणि चेंबरला तिचं भोक तेलाच्या पातळीच्या वर हवं. या गाडीत 10 मिलिमीटरची रबरी नळी होती, मध्ये एक झोळ, आणि भोक पातळीच्या खाली. तेल तुंबतं, मग धड सील असलं तरी ते टर्बाइनकडून सायलेन्सरमध्ये जातं. नवीन टर्बो लावला असता तर त्यानेही धूरच केला असता. कुणी सील बदलायला सांगितलं की आधी गाडी रॅम्पवर घ्या आणि ती नळी बघा. (खरा बॉल बेअरिंग टर्बो असेल तर तेल येणाऱ्या बाजूला साधारण 1 मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे तेल आवरणारं बारीक भोक, लागतो. तो नसला तरी धूर.)

‘जाड एमएलएस हेड पॅकिंग, स्टड, हेड खोलणे-बसवणे: 85,000’. टर्बोसाठी कॉम्प्रेशन उतरवायला इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, खोलून त्याखाली हे पत्र्याच्या थरांचं जाड पॅकिंग घालतात. इथे हेड खोललंच नव्हतं. हेड न उघडताही हे कळतं, हिशेब सोपा आहे. एका सिलिंडरचे 415 सीसी, 10:1 ला पिस्टन वर आला की वर उरतात साधारण 46 सीसी. मूळ पॅकिंगपेक्षा 1.8 मिलिमीटर जाड पॅकिंग बसलं तर 84 च्या बोअरवर आणखी दहा सीसी वाढतात आणि कॉम्प्रेशन 8.4 च्या आसपास येतं. म्हणजे कॉम्प्रेशन टेस्टचा आकडा ठळकपणे उतरायलाच हवा. काम द्यायच्या आधी सहाही सिलिंडरचे आकडे लिहून घ्या, इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा. नंतर तेच आले तर पॅकिंग फक्त बिलात आहे.

इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) ‘440 सीसी’, म्हणजे मिनिटाला 440 मिलिलिटरचे, लिहिले होते. 300 हॉर्सपॉवरला सहा सिलिंडरमध्ये प्रत्येकी चारशेच्या घरात लागतातच, त्यामुळे आकडा पटतो. टेस्टिंग बेंचवर 3 बारला पंधरा सेकंद सलग उघडे ठेवले तर प्रत्येक नळीत 110 मिलिलिटर जमलं पाहिजे. पन्नासच्या आसपास जमलं तर ते मूळचेच, रंग मारलेले. वर 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं. मूळ इंजेक्टरच्या अशा गाडीत बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, आला की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटते. ‘मॅपिंग’चे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलण्याचे, पैसे घेतले असतील तर वाइडबँडची (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरची) लॉग फाइल मागा. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा (1 म्हणजे हवा-पेट्रोल नेमकं, त्याखाली पेट्रोल जास्त) 0.8 च्या आसपास दिसायला हवा. नुसता पॉवरचा कागद कुणीही छापतो.

परदेशातून मागवलेला मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर टर्बोकडे नेणारे पाइप) डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा असतो, हेही कुणी सांगत नाही. या इंजिनांचा एक्झॉस्ट उजवीकडे, आपल्याकडे स्टिअरिंगचा दांडाही उजवीकडे. मग मॅनिफोल्ड कापून साध्या लोखंडी (एमएस) पाइपने जोड मारतात, आणि दांड्यावरचा रबरी कपलिंग त्या धगीने चिरतो.

‘आरटीओचं आम्ही बघतो’ याचे 25,000. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलाला सोडून केलेला बदल चालवून घेत नाही. आरसीवर काही चढलेलं नव्हतं. अपघात झाला की विमा कंपनीच्या सर्व्हेअरला हे आयतंच सापडतं.

राहिले जुने भाग. मूळ मॅनिफोल्ड, मूळ ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ‘फेकून दिले’ असं उत्तर मिळालं. धूर शुद्ध करणाऱ्या या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम हे महाग धातू असतात, तो कुणी फेकत नाही. गाडी सोडतानाच प्रत्येक भागाचा नंबरासकट फोटो काढा, आणि ‘काढलेले सर्व भाग परत’ हे जॉब कार्डवर सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या.