बस अपघाताचा क्लेम आणि विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील : आमचा अनुभव

पाचपैकी चार स्टार, आणि हे चार मी मनापासून देतेय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मोफत वकील घेऊन अपघाताचा क्लेम लावता येतो हे आमच्या ओळखीत कुणालाच माहीत नव्हतं, नेटवर शोधलं तर एकतर नुसती कलमं नाहीतर वकिलांच्या जाहिराती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

क्लेम आईचा. वय ४८, घरून पोळीभाजीचे डबे देते. २०२४ च्या पावसाळ्यात ती पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गावी निघाली होती, भिगवणच्या पुढे बस रस्त्यात थांबलेल्या ट्रकवर मागून आदळली. उजवं मनगट मोडलं, आत प्लेट बसवली, आणि प्लास्टर निघाल्यावर कळलं की मनगट पूर्वीसारखं फिरणार नाहीये.

हॉस्पिटलमध्ये असतानाच एक गृहस्थ भेटायला आले. नाव-गाव लिहीत नाही, पण असे लोक प्रत्येक मोठ्या अपघातानंतर वॉर्डात फिरतात हे नंतर चार जणांनी सांगितलं. म्हणे सगळं आम्ही बघतो, तुम्ही फक्त सह्या करा, मिळेल त्याच्या तीस टक्के आमचे. कोरं वकीलपत्र आणि दोन कोरे कागद पुढे केले. आईचा उजवा हात स्लिंगमध्ये, तर म्हणे अंगठा चालेल! मला तेव्हा कायदा काही कळत नव्हता, पण कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही एवढं नक्की कळत होतं, सरळ परत पाठवलं. पुढे समजलं की क्लेमच्या रकमेवर टक्का ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमातच बसत नाही. त्यामुळे "सगळे असंच घेतात" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, फी घ्यायचीच तर आकडा ठरवून घ्यायची असते.

आता मोफत वकिलाचं. सगळ्यांना वाटतं हे फक्त पिवळ्या रेशनकार्डवाल्यांसाठी आहे. तसं नाहीये. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२ आहे, त्यात महिला, लहान मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची अट आहे. आई बाई आहे एवढं पुरलं. जिल्हा कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते, आणि १५१०० हा हेल्पलाइन नंबर आहे. साधा अर्ज, आधार, अपघाताचे असतील तेवढे कागद, बस. वकिलाची फी नाही, कोर्ट फी आणि टायपिंगचा खर्चसुद्धा प्राधिकरण बघतं. कुणीही चहापाण्याला मागितलं नाही, हे मुद्दाम लिहितेय.

पहिले जे वकील मिळाले त्यांच्यासाठीच एक स्टार कापलाय. फोन उचलायचे नाहीत, तारखेला ज्युनिअरला पाठवायचे आणि त्या पोराला फाईलमध्ये काय आहे हेच माहीत नसायचं. पण इथे एक सोय आहे जी खासगी वकिलाकडे नसते. प्राधिकरणाचे सचिव स्वतः न्यायाधीश असतात, त्यांच्याकडे वकील बदलून द्या असा लेखी अर्ज करता येतो. केला, आणि बदलून मिळाला. जुन्या वकिलाच्या एनओसीसाठी (ना-हरकत पत्रासाठी) कुणाच्या पाया पडावं लागलं नाही.

दुसऱ्या वकील मॅडम मिळाल्या आणि फाईलला जीव आला. पहिल्याच भेटीत त्यांनी कलमं वगैरे काही सांगितलं नाही, आईला विचारलं, "काकू, डब्यांचा हिशोब कशात लिहिता?" आईची लाल वही आहे, महिन्याचे डबे, कोण सुट्टीवर, कुणाचे किती बाकी, सगळं त्यात. मॅडमनी ती वही ठेवून घेतली आणि यादी दिली : फोनपेचं स्टेटमेंट, कमर्शिअल सिलिंडरच्या पावत्या, उद्यमचं (लघुउद्योग नोंदणीचं) सर्टिफिकेट, फूड लायसन्स, किराणा दुकानदाराची बिलं, आणि अपघातानंतर पोळ्या लाटायला जी बाई ठेवली तिला दिलेल्या पगाराच्या सह्या. आम्ही म्हणत होतो की घरगुती धंद्याचा काय पुरावा असणार, पगारपत्रक थोडंच आहे. पण पुरावा असतो हो, फक्त तो असा विखुरलेला असतो. कागद नसले की कमी उत्पन्न धरलं जातं आणि मग पुढचा सगळा गुणाकार त्या कमी आकड्यावर होतो.

तो गुणाकार मॅडमनी आईसमोर कागदावर करून दाखवला, तो जसाच्या तसा देते कारण हे कुणी सांगत नाही. महिन्याला १२ हजार धरले तर वर्षाचे १ लाख ४४ हजार. स्वतःचा धंदा आणि वय ४० ते ५० मध्ये असेल तर पुढे उत्पन्न वाढलं असतं म्हणून त्यात २५ टक्के मिळवायचे, हे सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालातून आलंय. झाले १ लाख ८० हजार. वय ४६ ते ५० ला गुणक (वर्षाची कमाई कितीने गुणायची तो आकडा) १३, हा २००९ च्या सरला वर्मा निकालातला तक्ता. १३ ने गुणलं की २३ लाख ४० हजार. आता यातले किती टक्के तुमचे, हे ठरतं अपंगत्वावर, आणि सगळी मारामारी इथेच असते.

सिव्हिलच्या मेडिकल बोर्डाने सर्टिफिकेट दिलं २२ टक्के, उजव्या हाताच्या संदर्भात. (हे उपचार संपून हात स्थिर झाल्यावरच मिळतं, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, घाई करून काही उपयोग नाही.) विमा कंपनीचे वकील म्हणाले हे एका हाताचे टक्के आहेत, अख्ख्या शरीराचे सातच धरा. म्हणजे १ लाख ६४ हजारच्या आसपास आणि वर दवाखान्याची बिलं. आमच्या मॅडमचं म्हणणं वेगळं होतं. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये राजकुमार निकालात सांगितलंय की डॉक्टरचा टक्का आणि कमाईवर होणारा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या माणसाचं काम काय आहे ते बघा. ऑफिसात बसून काम करणाऱ्याचं मनगट आणि दिवसाला दीडशे पोळ्या लाटणाऱ्या बाईचं मनगट एकाच टक्क्यात कसं मोजणार? मॅडमनी ३० टक्के मागितले. ३० ने होतात ७ लाख २ हजार. एकाच हाताचे दोन हिशोब, आणि मधे जवळपास साडेपाच लाखांचं अंतर! ज्याला हे माहीत नाही तो पहिल्या आकड्यावर खुश होऊन सही करून येतो.

सही करण्यावरून आठवलं, हे फार महत्त्वाचं आहे. २०२२ च्या एप्रिलपासून मोटार वाहन कायद्यात कलम १६४ नवीन आलंय, त्यात चूक कुणाची हे न बघता मृत्यू झाला तर ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. हाड मोडलं की ती कायद्याने गंभीर दुखापतच. ऐकायला छान वाटतं, पण एकदा का ते पैसे तडजोडीत स्वीकारले की कलम १६६ खालचा, म्हणजे अपघात दाव्यांच्या कोर्टात (ट्रिब्युनलमध्ये) चालणारा तुमचा मोठा दावा संपतो. छोटी दुखापत असेल, कोर्टकचेरी नको असेल, तर जरूर घ्या, लवकर मिळतात. पण ज्याचा हात किंवा पाय कायमचा अधू झालाय त्याने विमा कंपनीच्या माणसाने आणलेल्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. आम्हालाही असा फोन आला होता, "ताई, लगेच सेटल करून टाकू, कशाला वर्षानुवर्षं फिरताय".

दुसरा घोळ म्हणजे चूक कुणाची. बसची विमा कंपनी म्हणे ट्रक लाईट न लावता मधेच उभा होता, ट्रकची कंपनी म्हणे बसवाला झोपला होता. पण प्रवाशाला या भांडणाशी काही देणंघेणं नाही. सीटवर बसलेल्या माणसाची चूक काय असणार! दोन गाड्यांच्या चुकीने प्रवासी जखमी झाला तर तो दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो, हे सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये स्पष्ट केलंय. मॅडमनी दोन्ही मालक आणि दोन्ही कंपन्या पार्टी केल्या आणि विषय संपवला. दावाही आमच्याच जिल्ह्यात लावला, कारण अपघात जिथे झाला तिथेच जायला पाहिजे असं काही नाही, राहत्या ठिकाणच्या ट्रिब्युनलमध्येही चालतो.

तिसरं, माझ्या कंपनीच्या मेडिक्लेममधून ऑपरेशनचे काही पैसे आले होते. समोरचे म्हणाले तेवढे वजा करा. मार्च २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्ण पीठाने सांगितलंय की मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही, तो ज्याने हप्ते भरले त्याचा करार आहे. मॅडमनी निकालाची प्रिंट पुढे ठेवली, त्यानंतर तो मुद्दा परत निघाला नाही. बिलांबाबत मात्र आमचं नुकसान झालं, कारण त्या खासगी हॉस्पिटलने काही पैसे साध्या लेटरपॅडवर लिहून घेतले होते, ना बिल नंबर ना शिक्का, ते सोडूनच द्यावे लागले. तुम्ही पहिल्या दिवसापासून पक्कं बिल मागा, मेडिकलच्या बिलाला प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स जोडून ठेवा, आणि एमएलसी (अपघाताची हॉस्पिटलमधली मेडिको-लीगल नोंद) झालीय ना हे दाखल करतानाच विचारा.

केस डिसेंबर २०२५ च्या राष्ट्रीय लोकअदालतीत मिटली. मला धाकधूक होती की लोकअदालत म्हणजे घाईगडबडीत कमी पैशात मिटवामिटवी. आणि खरं सांगायचं तर गर्दी होतीच, बसायला जागा नव्हती. पण पॅनलवरच्या न्यायाधीश मॅडमनी आईला पुढे बोलावलं, खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "मावशी, हात दाखवा बरं, पोळी लाटता येते का?" आईने टेबलावर दोन्ही हात ठेवले. डाव्या हाताचा तळवा वर केला, तो सहज झाला. उजव्याचा करायला गेली तर मनगटाऐवजी कोपरच बाहेर यायला लागलं, तळवा अर्धवट आडवाच राहिला. म्हणाली, "लाटते हो कशीतरी, पण तव्यावरची उलटता येत नाही, आणि कणीक तर मळवतच नाही." न्यायाधीश मॅडमनी विमा कंपनीच्या ऑफिसरकडे बघितलं फक्त. तीन लाखांवर अडून बसलेले लोक त्यानंतर बोलायला लागले. शेवटी ८ लाखांवर एकरकमी मिटलं, त्यात पुढे प्लेट काढायच्या ऑपरेशनचा खर्चही धरला. तो खर्च डॉक्टरांकडून आधीच लिहून आणा, कारण लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, अपील नाही, नंतर राहिलं म्हणून काही मागता येत नाही. नाही पटलं तर सही करू नका, केस जिथे होती तिथे परत जाते, काही बिघडत नाही.

लढलो असतो तर जास्त मिळाले असते का? कदाचित, आणि वर व्याजही. पण मग डॉक्टरची साक्ष, उलटतपासणी, पुढे हायकोर्टात अपील, आणि तोवर आईने डबे कशावर चालवायचे? मला हा सौदा योग्य वाटला. पैसे ठरलेल्या मुदतीत थेट आईच्या खात्यात आले, मधे कुणाचा हात नाही.

तारखांसाठी ई-कोर्ट्सचं ॲप घ्या. सीएनआर नंबर (कोर्टाने केसला दिलेला नंबर) टाकला की पुढची तारीख, आज काय झालं, सगळं दिसतं. पहिल्या वकिलांचा गैरहजेरीचा प्रकार मला त्यातूनच कळला होता. बस एसटीची असेल तर गोष्ट थोडी वेगळी, तिथे विमा कंपनीऐवजी महामंडळालाच पार्टी करायचं असतं, बाकी रस्ता हाच.

आणि दावा लावायला अपघातापासून सहा महिने धरून चाला. या मुदतीवर सुप्रीम कोर्टात वाद चालू आहे म्हणून काही वकील निवांत राहा म्हणतात, पण तुम्ही राहू नका. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड एवढं हातात आलं की अर्ज देऊन टाका, अपंगत्वाचं सर्टिफिकेट मागाहून जोडता येतं. आमचंही तसंच जोडलं.