विजापूर एका दिवसात: गोलघुमट सकाळी, इब्राहिम रोझा उन्हं उतरल्यावर

सोलापूरहून विजापूर साधारण शंभर किलोमीटर, म्हणजे दीड-दोन तास. बहुतेक मंडळी आरामात नाश्ता करून निघतात, अकराच्या सुमारास पोचतात आणि इथेच दिवस बिघडतो. गोलघुमट, म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर, सकाळी सहाला उघडतो. तो आठच्या आत गाठायचा. त्यासाठी सोलापूर पहाटे सोडा, किंवा मुक्काम विजापुरातच करा.

कारण साधं आहे. घुमटात एका टाळीचे सात प्रतिध्वनी येतात. शाळेची एक सहल आत शिरली की आरोळ्या एकमेकींवर चढतात आणि नुसता गोंगाट उरतो. घुमटाच्या आतून फिरणाऱ्या गोल सज्जात जायला कोपऱ्यातल्या सातमजली मिनाराचा अरुंद जिना चढावा लागतो, पायऱ्या उंच आहेत. गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा. वर मधोमध तोंड करून ओरडू नका. तोंड भिंतीजवळ न्या, हळू बोला. जोडीदाराने बरोबर समोरच्या बाजूला भिंतीला कान लावायचा. कुजबुज स्पष्ट पोचते. सुमारे ४४ मीटर बाह्य व्यासाचा हा घुमट मधे एकाही खांबाविना उभा आहे. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी चौकोनाचा वर्तुळाकडे प्रवास कसा केलाय, ते सज्जात चढण्याआधी खालून नीट पाहून घ्या. १६५६ मध्ये पुरी झालेली ही इमारत दाभोळच्या याकूत या स्थापत्यकाराने उभारली असं सांगतात. आवारातलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.

नंतर जामा मशीद (शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ टाळा), गगन महाल, बारा कमान. बारा कमान ही अली आदिलशहा दुसरा याची कबर, अर्धवटच राहिलेली, दहा मिनिटं पुरे.

जेवायला साध्या खानावळीत बसा. ज्वारीची कडक भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, दही. पंजाबी मेनूकार्ड पुढे आलं तर सरळ उठा.

दुपारी मुलूख मैदान तोफ. ५५ टनांची ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली आणि परांड्याहून इथे आणली. तोंडाशी सिंहाच्या जबड्यात हत्ती कोरलाय, तो मुलांना आधी दाखवा. जवळच्या उपली बुरुजाला बाहेरून वळणारा जिना आहे. भर उन्हात चढू नका.

इब्राहिम रोझ्याला (इब्राहिम आदिलशहा दुसरा याची कबर) दीड तास ठेवा. गोलघुमट आकाराने दिपवतो, पण कारागिरी बघायची तर ती इथे. खिडक्यांच्या जाळ्या अक्षरांच्याच कोरल्यात, छज्जाला दगडी साखळ्या टांगल्यात. चपला काढाव्या लागतात आणि चौथऱ्याची फरशी दुपारी चटके देते, म्हणून मोजे जवळ हवेत. साडेतीन-चारला पोचा, सहाला बंद होतो.

गल्ल्या अरुंद आहेत. गाडी गोलघुमटापाशी लावून बाकीचं रिक्षाने फिरणं सोयीचं. सगळी ठिकाणं आणि थांबण्याचा वेळ धरून भाडं आधीच ठरवा, नाहीतर रोझ्याच्या दारात हुज्जत ठरलेली.