खांदा धरलाय आणि फ्लाय सोडवत नाही: अकरा फुटी स्विच रॉड मुंबईत कसा चालतो

फ्लाय फिशिंगमध्ये आमिष, म्हणजे फ्लाय, इतकं हलकं असतं की रॉड झुलवून जड लाइन फेकावी लागते; या फेकीला कास्ट म्हणतात. आधी निकाल सांगून टाकू. खांद्याची तक्रार असेल, तर नऊ फुटी, आठ नंबरचा (नंबर मोठा तितकी लाइन जड), एका हाताचा रॉड बाजूला ठेवून अकरा फुटी, सहा नंबरचा, दोन हातांचा स्विच रॉड घेण्यात फायदा आहे. मात्र रॉडच्या ब्रँडवर जितकं डोकं लावाल, त्याच्या दुप्पट लाइनवर लावा. या रॉडवर चुकीची लाइन चढवली की खांद्याला पूर्वीपेक्षा जास्त त्रास होतो, आणि मुंबईच्या हवेत ती चूक व्हायला फार वेळ लागत नाही.

खांदा दुखतो म्हटलं की पहिला सल्ला मिळतो ‘हलका रॉड घ्या’. हा सल्ला अर्धाच खरा आहे. नऊ फुटी सहा नंबर आणि आठ नंबर यांच्या वजनात वीस-तीस ग्रॅमचा फरक असतो, आणि तो खांद्याला फारसा कळत नाही. त्रास होतो तो कोपर वर गेल्यावर. हात बाजूने उचलताना साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात रोटेटर कफच्या (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या) कंडरा वरच्या हाडाखाली चिमटतात. पाण्यातून लाइन उपटून बॅक कास्ट (लाइन मागे फेकणं) घेताना नवशिक्यांचं कोपर नेमकं त्याच टप्प्यात जातं, आणि दमल्यावर जुन्या जाणत्यांचंही. अमेरिकेतले फ्लाय कास्टिंगचे गुरू लेफ्टी क्रे (१९२५–२०१८) आयुष्यभर शिकवत आले की कोपर फळीवर ठेवल्यासारखं एकाच उंचीवर पुढे-मागे सरकवा. ज्यांचा खांदा फक्त वर गेल्यावर दुखतो, त्यांनी नवा रॉड घेण्याआधी एवढं एक करून पाहावं. कदाचित पैसे वाचतील.

आखडलेल्या खांद्याची (फ्रोझन शोल्डरची) गोष्ट वेगळी. मधुमेह असणाऱ्यांमध्ये हा प्रकार जास्त दिसतो. कोपर बरगडीला टेकवून पंजा बाहेरच्या बाजूला नेऊन बघा. खांदा आखडायला लागला की आधी ही हालचाल जाते, आणि एका हाताच्या बॅक कास्टला हीच हालचाल लागते. इथे कोपर कितीही खाली ठेवलं तरी भागत नाही. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर आधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट, रॉडचं नंतर बघू.

स्विच रॉडचा खरा फायदा हा की दुखरा हात खाली ठेवता येतो. उजवा खांदा दुखत असेल तर डावा हात वरच्या मुठीवर आणि उजवा हात खालच्या छोट्या मुठीवर. कास्टचा जोर खालच्या हाताने काढायचा असतो. मूठ छातीच्या खालून पोटाकडे ओढायची, बस्स. त्यात कोपर बरगडीजवळच राहतं आणि पंजा बाहेर फिरवावा लागत नाही. वरचा हात फक्त टेकू देतो. स्कँडिनेव्हियात स्वीडनच्या गोरान अँडरसन यांनी रुजवलेला ‘अंडरहँड’ कास्ट याच तत्त्वावर चालतो. डाव्या हाताने एकहाती कास्ट नव्याने शिकायचा म्हणजे मोठं काम. त्या मानाने डावा हात वर ठेवून दुहाती कास्ट लवकर जमतो, कारण ताकद लावणारा हात सवयीचाच असतो.

दुसरा फायदा खास मुंबईचा. मरीन ड्राइव्ह असो, वांद्रे रिक्लेमेशनचे दगड असोत की वरळीचा कठडा, तुमच्या पाठीमागे माणसं चालत असतात. तिथे डोक्यावरून बॅक कास्ट काढणं म्हणजे कुणाच्या तरी डोळ्याशी खेळ. स्विच कास्टमध्ये लाइन मागे पूर्ण सरळ होत नाही. मागे इंग्रजी ‘डी’च्या आकाराचा फुगा तयार होतो आणि तो तीन-चार मीटरच्या पलीकडे जात नाही.

आता लाइन. नंबर वाचून लाइन घेणाऱ्यांची इथेच फसगत होते. एकहाती लाइनचा नंबर तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो: सहा नंबरला १६० ग्रेन, आठ नंबरला २१०. (एक ग्रॅम म्हणजे साधारण १५.४ ग्रेन.) दुहाती रॉडचं मोजमाप निराळं. सहा नंबरच्या स्विच रॉडला त्याच नंबरच्या एकहाती लाइनच्या दुपटीच्या आसपास वजनाचं हेड (लाइनचा पुढचा जाड, जड भाग) लागतं. म्हणून जुन्या रॉडवरची सहा नंबरची लाइन यावर चढवली की रॉड वाकतच नाही. मग माणूस वरच्या हाताने ढकलायला लागतो, खांदा पुन्हा त्याच दुखऱ्या टप्प्यात जातो आणि रॉडला शिव्या बसतात. रॉडच्या मुठीपाशी किंवा कंपनीच्या तक्त्यात ग्रेनची मर्यादा दिलेली असते. समजा ती ३३० ते ३९० आहे, तर दुखऱ्या खांद्यासाठी वरच्या टोकाजवळचं हेड घ्यावं, म्हणजे ३७५ च्या आसपास. जरा जड हेड रॉडला आपोआप वाकवतं आणि कास्ट संथ होतो. संथपणा हेच इथे औषध.

हेड स्कॅजिट प्रकारचं, आखूड, २० फुटांच्या आतबाहेरचं घ्यावं. लांब स्कँडी हेड दिसायला देखणं पडतं, पण हाताची हालचाल लांब मागतं आणि वेळेची चूक खपवून घेत नाही. स्कॅजिटपुढे १० फुटी टिप (लाइनचा पुढचा सुटा तुकडा) आणि तीन-चार फूट लीडर (फ्लाय बांधायचा धागा). बुडणारी टिप लावली असेल तर कास्टआधी ती एका मऊ रोल कास्टने (लाइन मागे न उडवता पुढे उलगडून टाकून) पृष्ठभागावर आणायलाच हवी. खोल गेलेली टिप तशीच उपटली की खांद्याला बसणारा झटका हा या अख्ख्या प्रकारातला सगळ्यात वाईट झटका.

बाजारातल्या बहुतेक स्कॅजिट आणि स्कँडी लायनी थंड नद्यांसाठी बनतात. त्यांचं वेष्टण थंड पाण्यात लवचिक राहावं म्हणून मऊ ठेवलेलं असतं. एप्रिल-मेच्या मुंबईत, दुपारी तापलेल्या दगडावर हीच लाइन लिबलिबीत होते. बोटांना चिकटते, दगडावर घातलेली वेटोळी एकमेकांत अडकतात, आणि कास्ट सुटल्यावर रनिंग लाइन (हेडमागची बारीक लाइन) गाइडांना, म्हणजे रॉडवरच्या कड्यांना, घासत निघते. पंचवीस मीटर जाणारी फ्लाय सोळावर पडते, आणि ती तूट माणूस खांद्याने भरून काढायला जातो. उपाय सोपा आहे. वेष्टणाची रनिंग लाइन काढून ३० पौंडी चपटी मोनो (नायलॉनच्या एकेरी धाग्याची) रनिंग लाइन लावा. ती उन्हात नरम पडत नाही आणि सरसर सुटते. बोटाखाली धरायला मात्र निसरडी, ओल्या हाताला सवय होईपर्यंत चिडचिड होते. हेड दर खेपेला गोड्या पाण्याने आणि सौम्य साबणाने पुसून काढा. मिठाचा थर बसलेली लाइन उत्तम रॉडचीही वाट लावते.

कास्ट कसा बसतो ते नीट पाहू, कारण बिघाड इथल्या दोनच जागी होतो. सुरुवातीला रॉडचं टोक पाण्याला लावा, लाइनमध्ये ढील नको. सावकाश उचलत टोक डोळ्यांच्या उंचीला आणा. मग किंचित चढत्या रेषेत बाजूने मागे न्या, म्हणजे फ्लाय आणि लीडर पाणी सोडून पुन्हा खाली बसतात. ते बसायचं ठिकाण हाच सगळा खेळ: तुमच्या बाजूला, एक रॉडभर अंतरावर आणि तुमच्यापेक्षा थोडं पुढे. फ्लाय आणि लीडर असे पाण्याला धरून राहिले, म्हणजे पाण्याची पकड बसली, मागे फुगा भरला, की खालचा हात पट्ट्याकडे ओढा आणि टोक उंचावर थांबवा. पकड तुमच्या मागे पडली तर पुढच्या कास्टला ती सुटते, लाइन चाबकासारखी वाजते आणि हुक कुठेही येऊ शकतो. पकड फार पुढे पडली तर लाइन पाण्याला चिकटून राहते आणि सगळा भार हातावर येतो. पहिली चूक कानाला कळते, दुसरी दुसऱ्या दिवशी खांद्याला.

वारा चांगल्या, म्हणजे वरच्या हाताच्या बाजूकडून असेल तर हात बदलावे लागतात, आणि तिथे या रॉडचं गणित थोडं बिघडतं, कारण दुखरा हात वर जातो. मुंबईत दुपारनंतर समुद्रावरून पश्चिमेचा वारा चढतो. त्यामुळे किनाऱ्यावर सकाळचा वेळ धरावा, वारा पडलेला असतो आणि गर्दीही कमी.

आता उणिवा, आणि त्या लहान नाहीत. पहिली उंचीची. ओहोटीला कठड्यावरून पाणी दोन-तीन मीटर खाली जातं. तेवढ्या उंचीवरून लाइन लटकते आणि पाण्याची पकड बसत नाही. म्हणजे भरतीच्या आसपासचे तासच उपयोगाचे. पाण्याजवळ जाण्यासाठी शेवाळलेल्या टेट्रापॉडवर उतरण्याचा विचारही करू नये, दुखऱ्या खांद्याने तोल सावरता येत नाही.

दुसरी उणीव जिताड्याच्या मागे असणाऱ्यांना टोचेल. स्कॅजिट हेड आणि टिप मिळून नऊ-दहा मीटर होतात. हेड टोकाच्या बाहेर ठेवावं लागतं, म्हणून फ्लाय ओढत ओढत तेवढ्यावर थांबवावी लागते. जिताडा तर दगडाच्या कडेला, शेवटच्या दोन-तीन मीटरवर मारतो. उपाय एकच, किनाऱ्याशी तिरक्या रेषेत फ्लाय टाकायची, म्हणजे ती दगडांच्या कडेकडेने येते. लीडरच्या शेवटी ४० पौंडी जाड मोनोचा दीड फूट तुकडा हवाच. जिताड्याच्या कल्ल्यावरचं झाकण पात्यासारखं असतं.

ओढताना रॉडचं टोक पाण्याला लावून ठेवा आणि खालची मूठ काखेत धरा. अकरा फुटी रॉड आडवा अधांतरी धरून तासभर फ्लाय ओढली तर टोकाच्या वजनाने वरचा चांगला खांदाही भरून येतो. रील मुद्दाम थोडा जड घ्यावा, २०० ते २५० ग्रॅमचा, म्हणजे तोल वरच्या मुठीपाशी येतो. हलका, महाग रील इथे तोट्याचा.

मासा लागल्यावर रॉड आकाशाकडे उभा करायचा नाही. खालची मूठ पोटाला टेकवा, रॉड आडवा ठेवून बाजूने ताण द्या आणि मागे चालत जा. शेवटी मासा हाताशी आणताना अकरा फुटांची अडचण होते. एकट्याने रॉड डोक्यामागे नेऊन मासा जवळ ओढला की खांदा दुखतो आणि टोकही मोडतं. लांब दांड्याची जाळी किंवा सोबती, दोन्हींपैकी एक हवंच.

गोड्या पाण्यात पवईचा विचार बहुतेकांच्या मनात येतो. तिथे गरवायला रीतसर परवानगी लागते. तलावात मगरी आहेत, म्हणून कमरेएवढ्या पाण्यात उतरून कास्ट करण्याची हौस विसरावी. आणि जलपर्णी! कडेला तिचा पट्टा असेल तर पाण्याची पकड पाण्यावर न बसता पानांत बसते. लीडर देठात गुरफटतो, आणि पुढचा कास्ट जोरात ओढला की हिसका थेट खांद्यात. असा पट्टा समोर असेल तर तिथे दुहाती कास्ट करूच नका, मोकळी जागा शोधा.

नुसत्या चिलापीसाठी जाणार असाल तर इतका खटाटोप कशाला, तेनकारा पुरे. बारा फुटी, शंभर ग्रॅमच्या आतला रॉड, रील नाही, मनगट आणि कोपरावर चालतो. पण मासा आणताना हात मागे आणि वर करून लाइन पकडावी लागते, तेव्हा आखडलेल्या खांद्यासाठी हे आगीतून फुफाट्यात जाणंच. लाइन रॉडपेक्षा लांब ठेवू नका, त्रास निम्मा होतो. कटला लागला तर मात्र टिपेट (फ्लायजवळचा बारीक धागा) तुटेल, हे धरून चाला.

विकत घेताना चार तुकड्यांचाच रॉड घ्या. त्याची नळी नव्वद सेंटिमीटरच्या आसपास होते आणि लोकलच्या रॅकवर बसते. (गर्दीच्या गाडीत दुखऱ्या हाताने वरची कडी धरून वांद्र्यापर्यंत उभं राहणाऱ्याने कास्टिंगला दोष देऊ नये.) खालची मूठ चार-पाच बोटं आरामात मावतील इतकी हवी. काही स्विच रॉडांना नावापुरतं बोंड असतं, ते पोटाकडे ओढताना हातातून निसटतं. रॉड जोडून, रील लावून, वरची मूठ एका बोटावर तोलून बघा. टोक धाडकन खाली गेलं तर रील हलका पडतोय. फास्ट अ‍ॅक्शन टाळा, मध्यम अ‍ॅक्शन मागा. कडक रॉड वाकवायला जोर लागतो, आणि आपल्याला तोच वाचवायचाय.

मुंबईत असा रॉड दुकानात हाताळून पाहायला क्वचितच मिळतो, बहुतेक खरेदी ऑनलाइनच. म्हणून आधी कुणाचा तरी मागून तासभर वापरून बघा, तोही पाण्यावर. शिवाजी पार्कच्या गवतावर पाण्याची पकड मिळत नाही, त्यामुळे तिथला सराव फसवा ठरतो.

दोन्ही खांदे दुखत असतील, तर हा रॉड घेऊ नका. टेकू देणारा वरचा हातही दिवसभरात शेकडो वेळा उचलावा लागतो.