असिस्टेड लिव्हिंग, ओहायो: माणसांना पाच स्टार, मालकाला दीड

सासूबाई इथे असिस्टेड लिव्हिंगमध्ये आहेत, म्हणजे वयस्कर माणसांना रोजच्या कामात मदत मिळते अशी राहायची जागा. नाव मुद्दाम देत नाहीये कारण त्या अजून तिथेच राहतायत. आधी एका फॅमिलीचं होतं, मग प्रायव्हेट इक्विटीवाल्यांनी (पीई, गुंतवणूकदारांच्या पैशातून कंपन्या विकत घेणारे) घेतलं आणि आम्हाला कळलं कसं, तर पुढचा चेक नव्या नावाने द्या असं पत्र आलं तेव्हा.

रूम चांगली आहे, ऊन येतं. नव्या मालकाने लॉबी चकाचक केली, सोफे, कॉफी मशीन वगैरे, आणि संध्याकाळी दोन एड (मदतनीस बायका) असायच्या तिथे एक केली. घानाची एक मुलगी होती, तिला माहीत होतं की सासूबाईंना उजव्या कानानेच नीट ऐकू येतं, त्या बाजूला बसून बोलायची. तिचे तास कापले, ती गेली. आता वीकेंडला एजन्सीची रोज नवी माणसं, डावीकडून हाक मारतात आणि चार्टवर लिहितात पेशंट प्रतिसाद देत नाही!! त्या बिचाऱ्यांना तरी काय बोलणार, एकटीने किती जणांना बघायचं.

बिलाची तर वेगळीच तऱ्हा. भाडं वेगळं, केअर लेव्हल वेगळी. अंघोळीला मदत केली की पॉइंट, गोळ्या दिल्या की पॉइंट, जेवायच्या हॉलपर्यंत सोबत केली की पॉइंट. मालक बदलल्यावर परत असेसमेंट झाली, पॉइंट वाढले आणि लेव्हल चढली, म्हणजे बिलही, सासूबाई होत्या तशाच आहेत. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, असल्या राहण्याचा खर्च देत नाही, सगळं आपल्याच खिशातून.

मग मी जरा वाचलं. आमच्या ओहायोतल्याच टोलेडोची मॅनॉरकेअर, नर्सिंग होमची (इथे म्हणजे चोवीस तास नर्सिंग लागणाऱ्यांची राहायची जागा) मोठी चेन, 2007 मध्ये कार्लाइल या पीई कंपनीने घेतली, मग 2011 मध्ये बिल्डिंगा साधारण 610 कोटी डॉलरला विकून टाकल्या आणि कंपनी स्वतःच्याच जुन्या बिल्डिंगांचं भाडं भरत बसली, 2018 ला दिवाळखोरी. भाडं तर भरावंच लागतं, मग हात कुठे फिरतो, स्टाफवर. 2021 च्या एका रिसर्चमध्ये पीई मालकीच्या नर्सिंग होममध्ये थोड्या मुदतीसाठी आलेल्या मेडिकेअर पेशंटचा मृत्यूदर साधारण 10 टक्क्यांनी जास्त निघाला. ते नर्सिंग होमचं आहे, असिस्टेड लिव्हिंगचं नाही हे मान्य, पण वाचून झोप उडाली.

तूर्त हलवत नाही, या वयात नवीन जागा म्हणजे त्यांचे अजून हाल. तुम्ही शोधत असाल तर सही करायच्या आधी बिल्डिंग कोणाची आणि चालवतो कोण हे दोन्ही विचारा, आणि आर्बिट्रेशनचा कागद (वाद झाला तर कोर्टात न जाता लवादाकडे जायचं कबूल करणारा) घाईत सही करू नका. बघायला जायचं तर रविवारी संध्याकाळी जा. मंगळवारी सकाळी टूर देणारी बाई असते, कुकीज पण असतात.